नॉर्स पुराणकथांवर प्रेमकादंबरी लिहायची तर आधी किंमत ठरवा

मुलीला देव आवडतो, देवाला मुलगी आवडते. मग उरलेल्या साठ हजार शब्दांत करायचं काय? नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या व्हायकिंगांच्या, पुराणकथांवर बेतलेली प्रेमकादंबरी सोलापुरात बसून मराठीत लिहायला घेतली की गाडं पाचव्या-सहाव्या प्रकरणात रुततं, ते इथेच. बर्फ असतो, लांडगे असतात, निळ्या डोळ्यांचा उंचापुरा नायक असतो आणि दोघांच्या मध्ये अडसर म्हणून एखादी दुष्ट राणी नाहीतर एखादा गैरसमज. गैरसमज फार तर दहा पानं पुरतो.

खरं तर या कथांमध्ये अडसर बाहेरून आणावाच लागत नाही, कारण तिथे काहीच फुकट मिळत नाही. देवांचा राजा ओडिन याला शहाणपण हवं होतं, तर मिमिरच्या विहिरीसाठी स्वतःचा एक डोळा द्यावा लागला. फेनरिर लांडग्याला बांधायचं होतं, तर टीर या देवाला उजवा हात त्याच्या जबड्यात ठेवावा लागला, आणि हात गेला तो गेलाच. प्रेमालाही हाच नियम. म्हणून नायिकेच्या डोळ्यांचा रंग ठरवत बसू नका. या प्रेमाची किंमत काय, ती कोण मोजणार आणि कधी भोवणार, हे आधी एका वाक्यात लिहून काढा. ते वाक्य जमेपर्यंत पहिलं प्रकरण उघडू नका.

फ्रेयर आणि गेर्ड: नमुना म्हणून

किंमत कशी काम करते हे बघायला ‘स्किर्निस्माल’ हे जुनं काव्य पुरेसं आहे. फ्रेयर हा सुगीचा, पावसा-उन्हाचा देव. एके दिवशी तो ओडिनच्या ह्लिडस्क्याल्फ या आसनावर जाऊन बसतो. तिथून सगळी जगं दिसतात. यॉटुनांच्या म्हणजे राक्षसकुळाच्या प्रदेशात गेर्ड वडिलांच्या घराच्या अंगणातून चाललेली त्याला दिसते. तिच्या दंडांच्या तेजाने हवा आणि समुद्र उजळतात. फ्रेयर झुरायला लागतो. तो स्वतः जात नाही, स्किर्निर नावाच्या सेवकाला पाठवतो. स्किर्निर मोबदल्यात घोडा मागतो आणि फ्रेयरची आपोआप लढणारी तलवारही मागतो. फ्रेयर देऊन टाकतो.

गेर्ड नऊ रात्रींनंतर बार्री नावाच्या राईत भेटायला तयार होते. फ्रेयर म्हणतो की एक रात्र लांब, दोन त्याहून लांब, तीन मी कशा काढू? इथवर गोड प्रेमकथा. पण जगबुडीच्या लढाईत, रॅग्नारॉकमध्ये, फ्रेयरसमोर अग्निराक्षस सुर्त उभा राहतो तेव्हा हातात ती तलवार नसते, आणि फ्रेयर मरतो. मधल्या काळात ‘लोकासेना’ या काव्यात लोकी हा कपटी देव भर मेजवानीत त्याला टोमणा मारतो: तलवार देऊन बायको घेतलीस, आता त्या दिवशी लढणार कशाने?

यातून किंमतीच्या तीन कसोट्या मिळतात. दिलेली गोष्ट परत मिळता कामा नये. तिची गरज नेमकी शेवटच्या संकटात पडली पाहिजे. आणि ती नसल्याचं तिसऱ्या कुणाच्या तरी नजरेत आलं पाहिजे, म्हणजे मधली प्रकरणं आपोआप ताणलेली राहतात. तिसरी कसोटी बहुतेक लेखक विसरतात. किंमत फक्त नायकाच्या मनात राहिली, तर वाचक तिसाव्या पानापर्यंत ती विसरलेला असतो.

एक नमुना: ‘त्याला मृतांची राणी हेल हिच्या दारातून परत आणण्यासाठी ती स्वतःचं नाव देऊन टाकते, शेवटच्या रात्री गावाचं दार उघडायला तेच नाव सांगावं लागतं.’ तिन्ही कसोट्या यात बसतात. गावातली माणसं तिला हाक मारताना अडखळतात, त्यामुळे किंमत पानोपानी दिसते. याउलट ‘तो तिच्यासाठी अमरत्व सोडतो’ ही किंमत ऐकायला मोठी वाटते आणि कागदावर पोकळ निघते, कारण अमरत्व सोडल्याने उद्या सकाळी त्याचं काय अडणार आहे हे कुणालाच कळत नाही. अमरत्वच हवं असेल तर ते इडुन देवीच्या सफरचंदांशी जोडा. नॉर्स देव मुळात अमर नाहीत, ती सफरचंदं खाल्ली नाहीत तर म्हातारे होतात. मग त्याचे गुडघे दुखायला लागतील, दाढीत पांढरे केस येतील, आणि लिहायला काहीतरी हाताशी येईल.

शेवटी तलवार परत मिळाली, डोळा परत आला, नाव परत आठवलं, असं करण्याचा मोह होतो. करू नका. वाचक त्या क्षणी सुखावतो आणि पुस्तक मिटल्यावर फसवल्यासारखं वाटून घेतो.

स्किर्निस्मालचा दुसरा पैलूही लपवू नका. गेर्ड आधी साफ नकार देते. अकरा सोन्याची सफरचंदं नाकारते, दर नवव्या रात्री आठ नवी कडी ठिबकणारं द्राउप्निर कडंही नाकारते. मग स्किर्निर तिला तलवारीचा धाक दाखवतो, बापाला मारायची धमकी देतो आणि शेवटी रून, म्हणजे जुन्या लिपीतली अक्षरं, कोरून शाप देण्याचं भय घालतो. ती ‘तयार’ होते ती त्यानंतर. हे जसंच्या तसं प्रेम म्हणून खपवलं तर आजची वाचक पुस्तक बाजूला ठेवेल, आणि बरोबर करेल. दोनच मार्ग आहेत. एक, धमकीचा भाग ठेवा, पण कादंबरीचा खरा प्रश्न तोच करा: अशा सुरुवातीनंतर ती त्याच्यावर विश्वास कधी आणि का ठेवते? दोन, गेर्डला सौदा करू द्या. काव्यातच तिच्या तोंडी एक ओळ आहे की दाराशी माझ्या भावाला मारणारा तर आला नाही ना, अशी मला भीती वाटते. त्या भावाच्या मृत्यूची भरपाई म्हणून तलवार तिनेच मागितली असं केलं, तर एका दगडात किंमत, सूड आणि तिची इच्छा तिन्ही गोष्टी येतात.

मूळ सामग्री कुठली

मूळ काव्यांचा मोठा साठा ‘कोडेक्स रेगियस’ या हस्तलिखितात आहे. ते १२७० च्या दशकातलं मानतात. १६४३ मध्ये ते आइसलँडच्या एका बिशपच्या हाती आलं, पुढे डेन्मार्कच्या राजाकडे गेलं आणि १९७१ मध्ये आइसलँडला परत मिळालं. दुसरा आधार म्हणजे आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास लिहिलेला, या कथा सांगणारा ग्रंथ, गद्य एड्डा. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो इसवी सन १००० च्या सुमारास, म्हणजे स्नोरी दोनशे वर्षांनंतर, स्वतः ख्रिस्ती असताना, कवींना जुने दाखले समजावेत म्हणून लिहीत होता. त्यामुळे कथांमध्ये विसंगती आहेत आणि राहणारच. नऊ जगं आहेत असं मजकुरात येतं, पण नऊंची नावानिशी यादी कुठेच सलग दिलेली नाही. इंटरनेटवरचे सुबक नकाशे आजच्या लोकांनी जुळवलेले आहेत. तुम्ही नऊच्या नऊ जगं फिरवायला जाऊ नका. दोन जगं आणि मधला रस्ता एवढं पुरतं.

प्रेमकादंबरी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने एक फट फार मोलाची आहे. कोडेक्स रेगियसमधली आठ पानं हरवली आहेत, आणि ती नेमकी वीर सिगुर्ड आणि त्याची प्रेयसी ब्रिनहिल्ड यांच्या कथेत. पुढचं काय ते ‘व्होल्सुंग सागा’ या गद्य कथेतून कळतं, पण काव्यातला तो भाग कुणाकडेच नाही. तिथे तुम्ही काहीही रचा, मूळ ग्रंथ काढून कुणी खोडून काढू शकणार नाही.

मूळ कथांवर कुणाचा मालकी हक्क नाही. पण अनुवादावर असतो. भारतात अनुवादकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत तो टिकतो, म्हणून अलीकडच्या इंग्रजी अनुवादातल्या ओळी मराठीत करून वापरू नका. हेन्री ॲडम्स बेलोज यांचा १९२३ चा काव्य-एड्डेचा, म्हणजे वरच्या जुन्या काव्यांचा, अनुवाद जुना झाला आहे (बेलोज १९३९ मध्ये वारले), त्यामुळे तो निर्धास्त वापरता येतो. आणि सिनेमातून काही उचलू नका. लोकी हा गर्जनेचा देव थोर याचा दत्तक भाऊ नाही, ओडिनचा रक्तशपथेचा भाऊ आहे. हेल ही ओडिनची नव्हे, लोकीची मुलगी. थोरची दाढी तांबडी. शिंगांचे शिरस्त्राण तर व्हायकिंगांनी लढाईत घातलंच नाही. ती कल्पना एकोणिसाव्या शतकातली, आणि १८७६ मध्ये जर्मन संगीतकार वाग्नरच्या ऑपेराच्या पोशाखांमुळे घरोघर पोचली. मुखपृष्ठावर शिंगं दिसली की जाणकार वाचक आत डोकावतही नाही.

बीज कोणतं घ्यायचं

फ्रेयर-गेर्ड सोडूनही बीजं पुष्कळ आहेत.

आमचं झुकतं माप स्काडी आणि न्यॉर्डच्या जोडीला. स्काडीच्या बापाला, थ्याझीला, देवांनी मारलेलं असतं. ती चिलखत घालून, हत्यारं घेऊन एकटी देवांच्या दारात भरपाई मागायला येते. भरपाई ठरते ती अशी: देवांपैकी नवरा निवड, पण फक्त पाय बघून. ती सगळ्यांत सुंदर पाय निवडते, देखण्या बाल्डर देवाचेच असणार अशा हिशेबाने, आणि निघतो समुद्राचा देव न्यॉर्ड. शिवाय तिला हसवून दाखवायची अट असते, ती लोकी एका बकरीच्या मदतीने पुरी करतो; कशी, ते मूळ वाचा, इथे लिहिण्यासारखं नाही. ओडिन तिच्या बापाचे डोळे आकाशात फेकून तारे करतो. मग संसार. तिला डोंगरातलं थ्रिमहाइम हवं, त्याला किनाऱ्यावरचं नोआटून. डोंगरात त्याला लांडग्यांची ओरड सोसवत नाही, हंसांचा आवाज आठवत राहतो. किनाऱ्यावर तिला पाखरांच्या कलकलाटाने झोप लागत नाही. दोघं वेगळे होतात.

यात सूड आहे, विनोद आहे, चुकीचं लग्न आहे, आणि भांडणाचं कारण इतकं साधं आहे की सासर-माहेरच्या गावांमध्ये अडकलेली कुठलीही बाई ते ओळखेल. मूळ कथा वियोगावर संपते. तुमची कादंबरी तिथून सुरू होऊ शकते.

गुन्लॉडची कथा कडवट लिहिणाऱ्यांसाठी. काव्याची मदिरा राखणारी ही राक्षसकन्या. ओडिन तीन रात्री तिच्याजवळ राहतो, तीन घोट मागतो, तीन घोटांत सगळी भांडी रिकामी करतो आणि गरुड होऊन उडून जातो. ‘हावामाल’ या काव्यात ओडिनच कबूल करतो की तिला रडत सोडलं, आणि कडं साक्षीला ठेवून घेतलेली शपथ मोडली. तिच्या बाजूने ही गोष्ट सांगितली तर सूडकथा होईल. प्रेमकथा करायची असेल तर दुसरा नायक आणावा लागेल.

वीर हेल्गी आणि त्याची बायको सिग्रून यांची कथा सगळ्यांत काळजाला भिडणारी, आणि लिहायला सगळ्यांत अवघड. मेलेला हेल्गी एका रात्रीसाठी स्वतःच्या थडग्यात परत येतो, सिग्रून आत जाऊन अंथरूण घालते आणि मृताच्या मिठीत झोपते. ती ढाळते तो प्रत्येक अश्रू रक्त होऊन त्याच्या छातीवर पडलेला असतो. कोंबडा आरवायच्या आत त्याला परतावं लागतं. पूर्ण कादंबरी यावर ताणू नका. हे एकच प्रकरण म्हणून, साधारण तीन-चतुर्थांश कादंबरी झाल्यावर ठेवा.

सोलापुरात बसून बर्फ लिहिताना

मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर असताना थंडीचं वर्णन जमत नाही ही तक्रार खोटी आहे. अडचण उष्णतेची नसते, ‘शुभ्र हिमाची चादर’ असल्या तयार शब्दांची असते. थंडी वस्तूंमधून लिहा. ओल्या हाताने लोखंडी कडी धरली तर कातडी चिकटते. श्वासाचं दव दाढीवर गोठतं. ओले मोजे रात्रभरात लाकडासारखे कडक होतात. ताजा बर्फ पडल्यावर आवाज दबतात, म्हणून मागून येणारा माणूस ऐकू येत नाही. हे तर कथानकाला थेट उपयोगी आहे.

मोठी चूक उजेडाची होते. सोलापुरात सगळ्यांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. आइसलँडमध्ये डिसेंबरात सूर्य जेमतेम चार तास दिसतो आणि जूनमध्ये रात्र अशी होतच नाही. उन्हाळ्यातली चांदण्यातली चोरटी भेट तिथे अशक्य आहे. लपून भेटायचं तर हिवाळा घ्या, किंवा उजेडातच लपायची युक्ती शोधा. हस्तलिखित तपासताना प्रत्येक प्रकरणाच्या डोक्यावर महिना आणि उजेडाचे तास पेन्सिलीने लिहून ठेवा.

एकांताचाही प्रश्न आहे. व्हायकिंग काळातलं घर म्हणजे एक लांब दालन, मध्ये आगटी, छताला धूर जायला भोक, दोन्ही भिंतींना लागून बाकं, आणि त्यावर सगळं घर झोपलेलं. दार लावून बोलायची सोयच नाही. मग भेट कुठे? उन्हाळी चराईच्या झोपडीत, नावेच्या गोठ्यात, आणि आइसलँड असेल तर गरम पाण्याच्या झऱ्यावर. ‘लाक्सडेला सागा’मध्ये क्यार्टन आणि गुद्रून यांच्या भेटी अशाच झऱ्यावर होतात. जेवणात बटाटा, टोमॅटो, मिरची, मका यांतलं काहीही नको. ते अजून अमेरिकेतच होतं. सातूची पेज, सुकवलेला कॉड मासा लोण्याबरोबर, धुरी दिलेलं मटण, आंबवलेल्या दुधाचं स्कीर, आणि रोजच्या पिण्यात सातूची बिअर. मधाची दारू आइसलँडमध्ये चैनीची, कारण मध बाहेरून यायचा.

एका बाबतीत मात्र सोलापूरचा लेखक इतरांच्या चार पावलं पुढे असतो, आणि ती बाब म्हणजे माग. ‘दाराडार्ल्योद’ या काव्यात वाल्किरी, म्हणजे लढाईत कोण मरणार ते ठरवणाऱ्या स्त्रिया, लढाईच्या आधी विणायला लागतात. मागाला ताण देण्यासाठी दगडांऐवजी माणसांची मुंडकी टांगलेली, ताणा-बाणा आतड्यांचा, ठोकायला तलवारी आणि बाण. ही कथा आयर्लंडमधल्या १०१४ सालच्या क्लॉन्टार्फच्या लढाईशी जोडलेली आहे. ज्याने यंत्रमागाच्या खडखडाटात बालपण काढलं त्याला हे दृश्य अंगावर येईल असं लिहिता येतं, पण माग मात्र आपला नको. तो उभा असतो, भिंतीला किंचित रेललेला. ताण्याचे धागे वरच्या दांड्यावरून खाली लोंबतात आणि टोकांना दगडी किंवा मातीची वजनं बांधलेली असतात. कापड वरून खाली वाढत जातं आणि बाणा खालून वर ठोकतात, हाडाच्या किंवा लोखंडी पट्टीने. फणी नाही, फेकायचा धोटा नाही, आणि विणणारी बसत नाही, मागासमोर इकडून तिकडे चालते. दिवसभरात कित्येक मैल. वजनं एकमेकांवर आपटून किणकिणतात. हा आवाज लिहा. नायिका विणकर असेल तर तिची किंमतही मागातच शोधा: न संपलेलं कापड, कापलेला धागा, गहाळ झालेलं एक वजन.

सोलापूरची नायिका थेट त्या जगात न्यायची असेल तर आणखी सावध राहा. सिद्धरामेश्वरांशी लग्नाचा हट्ट धरणाऱ्या कुंभारकन्येचा विवाह त्यांच्या योगदंडाशी लागला, ही कथा इथे प्रत्येकाला माहीत आहे; संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेत अक्षता पडतात त्या याच लग्नाच्या. नवऱ्याच्या जागी वस्तू उभी राहणं ही कल्पना प्रेमकादंबरीसाठी फार ताकदीची आहे. तिची घडण जरूर घ्या: नायिकेचं लग्न ओडिनच्या भाल्याशी लागतं आणि नवरा कोण हे तिला वर्षभर कळत नाही, असं काही. पण सिद्धेश्वरांना ओडिनच्या शेजारी पात्र म्हणून उभं करू नका. ती चालती-बोलती श्रद्धा आहे. ओडिन म्हणजे इंद्र, रॅग्नारॉक म्हणजे प्रलय, असली समीकरणंही टाळा. ती वाचक स्वतःच मांडतो. आणि ती फसवीही आहेत, कारण नॉर्स देव भविष्य जाणतात, आपण मरणार हेही जाणतात आणि तरी तयारीला लागतात.

तू, तुम्ही, अहो

मराठीत देवाला आपण ‘तू’ म्हणतो आणि नवऱ्याला ‘अहो’. नायक देव असेल तर हा गुंता पहिल्या भेटीतच समोर येतो, आणि तो लेखकाच्या फायद्याचा आहे. परकी भीतीदायक व्यक्ती म्हणून ती सुरुवातीला ‘तुम्ही’ म्हणेल. देव आहे हे कळल्यावर प्रार्थनेतलं ‘तू’ येईल, त्यात दुरावा असेल. प्रेमात पडल्यावरही ‘तू’च राहील, पण त्या ‘तू’चं वजन बदललेलं असेल. बदल कोणत्या प्रकरणात होतो ते तक्त्यात नोंदवून ठेवा, नाहीतर संपादनात हमखास घोळ होतो. सोलापूरच्या नायिकेने रागात ‘काय करायलास बे?’ म्हटलं तर ते एका देवाला उद्देशून आहे, यातच अर्धा विनोद झाला. पण ते वीस प्रकरणांत दोनदाच.

नावांचाही तक्ता पहिल्या दिवशी करा. ओडिन की ओदिन, स्काडी की स्कादी, कोणतंही घ्या, पण शेवटपर्यंत तेच. आडनावं नाहीत, बापाच्या नावाला मुलासाठी ‘सन’, मुलीसाठी ‘दॉटिर’ जोडतात. एकाच अक्षराने सुरू होणारी दोन मुख्य पात्रं ठेवू नका. फ्रेयर, फ्रेया, फ्रिग, फेनरिर एकाच प्रकरणात आले तर वाचक मागची पानं उलटत बसतो.

आराखडा

७०,००० शब्द धरा, २,००० शब्दांची ३५ प्रकरणं. छापील पानं अडीचशे ते पावणेतीनशे होतील. रोज ५०० शब्द लिहिले तर १४० बैठका लागतात. पहिली भेट दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात. सौदा पाचव्यात, म्हणजे १०,००० शब्दांच्या आत. इथे किंमत दिली जाते, पण ती किती महाग पडणार हे कळत नाही. मन मोकळं होण्याचा पहिला प्रसंग बाराव्या-तेराव्यात. अठराव्यात तिसरी व्यक्ती किंमत उघड करते, लोकीने केली तशी. पंचविसाव्या-सव्विसाव्यात ताटातूट. एकतिसाव्यात ज्या गोष्टीची गरज पडते ती हातात नसते.

ओडिनचे दोन कावळे, हुगिन आणि मुनिन, रोज सगळं जग फिरून बातमी आणतात. मग चोरून प्रेम शक्य कसं, हा प्रश्न वाचक विचारणारच. उत्तर कथांमध्येच आहे: कावळे सकाळी न्याहारीच्या वेळेला परततात, आणि मुनिन परत येईल की नाही याची ओडिनला रोज धास्ती असते. एखाद्या दिवशी तो खरंच आला नाही, तर? प्रवासही मैलांत मोजू नका, रात्रींत मोजा. हेर्मोड हा देव ओडिनच्या स्लाइपनिर या आठ पायांच्या घोड्यावरून हेलकडे जातो, तरी त्याला अंधाऱ्या दऱ्यांतून नऊ रात्री लागतात.

शेवट हा या प्रकारातला खरा पेच. प्रेमकादंबरीच्या वाचकाला दोघं एकत्र हवी असतात, आणि नॉर्स कथेत जग जळतं. तडजोड ‘व्होलुस्पा’ या काव्यात आहे: आगीनंतर पृथ्वी पुन्हा हिरवी होऊन समुद्रातून वर येते, न पेरलेली शेतं पिकतात, वाचलेल्या देवांना गवतात जुन्या खेळाच्या सोन्याच्या सोंगट्या सापडतात. दुसऱ्या एका काव्यात लिफ आणि लिफथ्रासिर हे स्त्री-पुरुष एका राईत लपून सकाळच्या दवावर जगलेले असतात. म्हणजे जग बुडवा आणि जोडपं वाचवा, दोन्ही करता येतं. फक्त जोडप्यातल्या दोघांनीही काहीतरी गमावलेलं असलं पाहिजे, आणि ते शेवटच्या पानावरही नसलंच पाहिजे.

जवळिकीचे प्रसंग

इथे मराठी लेखक एकतर ‘अधरपल्लव’ काढतो किंवा सरळ दरवाजा बंद करून पुढच्या सकाळी उजाडतो. मधला मार्ग हातांचा आहे. व्हायकिंग वस्त्यांच्या उत्खननात हाडांचे आणि शिंगांचे कंगवे भरपूर सापडतात, आणि शनिवार हा त्यांचा न्हाण्याचा वार होता. एवढ्यावर अख्खा प्रसंग उभा राहतो. हे बघा:

‘त्याच्या स्पर्शाने ती शहारली. काळ जणू थांबला होता.’

आणि हे:

‘पाणी तापलं होतं, पण तिचा डावा हात अजून खांद्याच्या वर जात नव्हता. त्याने कंगवा उचलला आणि थांबला. “विंचरू?” तिने मान हलवली. त्याने केसांच्या टोकाकडून सुरुवात केली, गुंता ओढला जाऊ नये म्हणून. लोकरीचा एक धागा अडकला होता. तो सोडवून त्याने आगटीच्या दगडावर ठेवला, फेकला नाही.’

दुसऱ्यात जखम आहे, परवानगी आहे, आणि हा माणूस वस्तू जपून ठेवतो हेही कळतं. पुढे तो धागा कुठे सापडतो ते तुम्ही ठरवा. लांबलचक वर्णनापेक्षा अशी एखादी वस्तू तीन प्रकरणांनंतर पुन्हा भेटली की वाचकाच्या पोटात कालवतं.

छापण्याआधी

पहिला खर्डा झाला की महिनाभर बाजूला ठेवा. मग तीन जणांना वाचायला द्या: एकाला नॉर्स कथा माहीत असाव्यात, एकीला प्रेमकादंबऱ्यांची सवय असावी, आणि तिसऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसावं. तिसऱ्याला एकच प्रश्न विचारा: कुणी काय गमावलं? उत्तर चुकलं तर अठरावं प्रकरण पुन्हा लिहायचं.

मुखपृष्ठावर रून अक्षरं टाकायची हौस सगळ्यांनाच असते. व्हायकिंग काळात १६ अक्षरांची लिपी चालत होती, २४ अक्षरांची त्याआधीची. दोन्हींची सरमिसळ करू नका. काही रून नाझींनी आणि पुढे त्यांच्या अनुयायांनी वापरले आहेत, ओथाला त्यांपैकी एक, तेव्हा चित्रकाराने ‘छान दिसतंय’ म्हणून काही काढलं तर ते कोणतं चिन्ह आहे याची खातरजमा करून घ्या. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. स्वतः प्रकाशित करणार असाल तर पुस्तक छापखान्यात देण्याआधी अर्ज करा, कारण क्रमांक आल्याशिवाय मलपृष्ठावरचा बारकोड तयार होत नाही.